रजेची दुसरी सकाळ

फौजी माणसाच्या बुटाची नाडी जिन्यात सुटत नाही. फार तर आयुष्यात एकदा सुटेल. आमच्या ह्यांची तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत रोज दोनदा सुटायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्या मजल्यावर थांबायचं, वाकायचं, घट्ट बसलेली नाडी आपणच सोडायची आणि सावकाश परत बांधायची. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच नाटक. मी भाजीच्या पिशव्या घेऊन मागे उभी. "अहो, नवीन नाड्या आणू का?" असं मी विचारलं की "ह्याच चांगल्या आहेत" म्हणायचे, आणि तेवढं वाक्य संपेपर्यंतसुद्धा श्वास पुरायचा नाही. ज्या माणसाने शेकडो रंगरुटांना नाडी बांधायला शिकवली, त्याने बायकोला नाडीवरून फसवावं! बरं, फसवायचंच तर नीट तरी फसवावं.

तरी मी गप्प बसले. का बसले ते कळायला आमच्या घरातला कायदा आधी सांगायला हवा.

कायदा ह्यांनीच केला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. हे तेव्हा तोफखान्यात, कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर. त्यांच्या तुकडीतल्या एकाला घरून मूल गेल्याचं पत्र आलं. त्याने ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, बंदूक भिंतीला टेकवली आणि बर्फातून सरळ घराच्या दिशेने चालायला लागला. चौघांनी धावत जाऊन त्याला आणला म्हणून वाचला. हे रजेवर आले तेव्हा मला म्हणाले, "मी तिकडे असताना वाईट काही कळवायचं नाही. मला तिथून काही करता येत नाही, आणि हातातलं कामही होत नाही. रजेवर आल्यावर सांग." मी हो म्हटलं. नवं लग्न, कशालाही हो म्हणायचे दिवस.

मग ती रीतच पडली. रजेचा पहिला दिवस अंघोळ, जेवण आणि झोप ह्यात जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन हे मागच्या पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "हं, काढ गाठोडं." मी काढायची. सासूबाईंचं अर्धांग, लेकीचा मोडलेला हात, तोवर जुळूनही आलेला, घरमालकाची कटकट, माझं पोटातच गेलेलं दुसरं मूल. हे ऐकून घ्यायचे, मध्ये बोलायचे नाहीत. मग त्यांचं गाठोडं निघायचं. तोफेच्या आवाजाने ह्यांचा उजवा कान कायमचा गेला हे मला असंच कैक महिन्यांनी कळलं. पत्रांत तोवर "इकडे हवा छान आहे" चालू होतं. त्या सकाळी दोघांनी काय रडायचं ते रडून घ्यायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून रजा मजेत घालवायची. लोक हसतील, पण आमचा संसार त्याच्यावर तरला.

घोळ झाला तो हे निवृत्त झाल्यावर. निवृत्त माणसाला रजा कसली? रजा नाही म्हणून दुसरी सकाळ नाही, आणि दुसरी सकाळ नाही म्हणून गाठोडं सोडायचं नाही. एका घरात, एका पलंगावर झोपून आम्ही दोघं आपापलं गाठोडं उशाशी घेऊन पडून राहायला लागलो. हे काही कोणी ठरवलं नव्हतं. तोंडाला सवयच तशी लागली होती.

इकडे, ह्या परक्या मुलखात, आलो ते लेकीसाठी. तिची मालवाहतुकीच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, पदरात नुकतीच बोलायला लागलेली चिमणी, आणि जावई जहाजावर. म्हणजे ह्यांच्यापुरते जहाजावर. खरं तर जावईबापूंनी जहाज सोडून बंदरच बदललं होतं. ह्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरं घर थाटलं होतं. लेकीने मला हे सांगितलं ते गॅलरीत कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटा धरून, जसं काही दूध नासल्याचं सांगावं. वर म्हणाली, "बाबांना इतक्यात सांगू नकोस. त्यांच्या व्हिसाचं होऊ दे." फौजीचीच पोर. कायदा तिला पाळण्यात शिकवलेला.

व्हिसा हे आमचं दरवर्षीचं दुखणं. त्याला म्हणतात दीर्घ मुदतीचा, आणि मुदत एका वर्षाची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तो मिळतो ह्यांच्या पेन्शनवर. मुख्य अर्जदार हे, आणि माझ्या नावापुढे 'अवलंबित'. त्याला जोडून लागतो आरोग्याचा विमा. आता फौजेने आम्हा दोघांना मरेपर्यंत फुकट औषधपाणी दिलंय, त्याचं कार्ड हे पाकिटात देवाच्या फोटोसारखं जपतात, पण ते चालतं मायदेशी. इकडच्या दवाखान्यात एकदा काढून दाखवलं, तर खिडकीवरच्या मुलीने ते उलटंपालटं केलं आणि "छान आहे" म्हणून परत दिलं. तेव्हा इकडचीच पॉलिसी घ्यायला लागते, आणि ह्या वर्षी पॉलिसीवाल्यांनी नवीन काढलं, की वय झालेल्या माणसाची आधी तपासणी. तपासणीत काही निघालं तर पॉलिसी नाही, पॉलिसी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर आम्ही इथून चालते व्हायचं. मग लेक शिफ्टला जाताना चिमणीला कोणाच्या गळ्यात बांधणार होती?

तपासणीची तारीख कळली आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं. फौजेत दरवर्षी तपासणी असते, आणि तिला तोंड द्यायची एक विद्या असते. तब्येतीची कॅटेगरी उतरली की बढती हुकते, म्हणून आजारी माणूससुद्धा डॉक्टरपुढे ठणठणीत उभा राहतो. आठवडाभर मीठ सोडायचं, कच्चा लसूण चावायचा, डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून ठेवायची. आमच्या क्वार्टरांच्या रांगेत त्या आठवड्यात घरोघरी अळणी जेवण, आणि झाडून सगळ्या नवऱ्यांच्या तोंडाला लसणाचा वास. आम्ही बायका नळावर नाक धरून हसायचो.

आता हसायला कोणी नव्हतं. ह्यांनी मीठ सोडलं, म्हणजे मीही सोडलं, कारण दोन वेगळ्या भाज्या करायचं त्राण माझ्यात नव्हतं. लसूण सुरू झाला. तक्त्यातली अक्षरं हे नातीला मांडीवर घेऊन घोकायचे, आणि नात अंगठा चोखत मागून म्हणायची. मला शिकवणी वेगळी. ह्यांना ऐकू कमी येतं आणि इकडची भाषा येत नाही, मला कामापुरती येते, म्हणून तपासणीच्या खोलीत मला बरोबर यायची परवानगी होती.

"प्रश्न आला की माझ्या डाव्या कानात सांगायचा," हे म्हणाले. "मी बोलेन तेवढंच तिकडे सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. साहेबाच्या पुढून आणि गाढवाच्या मागून जाऊ नये."

"डॉक्टर कधीपासून साहेब झाला?"

"तपासतो तो साहेब."

"आणि जिन्यात काय होतं तुम्हाला, तेही सांगायचं नाही?"

"नाडी सुटते," हे म्हणाले, आणि बूट पुसायला घेतले.

खरं सांगते, मला वादाचाच कंटाळा आला होता. ह्यांच्या बदल्यांमागे मी इतकी घरं बांधली आणि सोडली, की ती आमची काळी लोखंडी ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगात ह्यांचा नंबर आहे, ती बघितली की माझी कंबर आपोआप दुखायला लागते. इथे तिच्यावर टेबलक्लॉथ टाकून मी तिचं टेबल केलं होतं. वाटलं होतं, आता ही पुन्हा भरायला लागायची नाही.

तपासणीचा दवाखाना एका बँकेच्या वर होता. लिफ्ट होती, त्यामुळे नाडी शाबूत राहिली. डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कॉम्प्युटरशेजारी अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. आमच्यासारखे म्हातारे त्या सकाळपासून तपासत असणार. ह्यांनी तोंड उघडल्याबरोबर तिने तोंडावरचा मास्क जरा वर ओढला. रक्तदाब चांगला निघाला. लसणाने पांग फेडले. तक्त्यापुढे उभं केलं तर तिने काठी उचलायच्या आत ह्यांनी शेवटची ओळ म्हणून टाकली. "एवढी घाई नको," ती म्हणाली. मी खाली बघत राहिले. मग टेबलावर आडवं करून छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, तीही बरी होती. पट्टी झोपलेल्या माणसाची, तिला जिना काय माहीत?

हे उठून टेबलाच्या कडेला बसले. अंगावर दवाखान्याचा पातळ अंगरखा, पाय लोंबकळत, खाली बूट ओळीत लावलेले, नाड्या आत खोचलेल्या. ह्यांची पिंढरी इतकी बारीक कधी झाली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आता थोडेच प्रश्न," डॉक्टरीणबाई म्हणाली. "चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं? दम लागतो?"

मी ह्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "छातीत दुखतं का, दम लागतो का, विचारतायत."

"नाही," हे खणखणीत म्हणाले.

ते 'नाही' आता माझ्या तोंडून पलीकडे जायचं होतं. नियमच तसा होता. ह्यांचा आवाज मोठा असला तरी बोलतात ते आपल्या भाषेत. डॉक्टरीणबाई बोटं कीबोर्डवर ठेवून माझ्याकडे बघत होती. एक शब्द. तो सांगितला की पॉलिसी, व्हिसा, लेकीला आधार, सगळं रांगेने पुढे सरकणार होतं. आणि एखाद्या दुपारी हे दुसऱ्या मजल्यावर नाडी बांधायला वाकणार होते आणि उठणार नव्हते. मला एकदम असा राग आला की कान गरम झाले. ह्यांचा राग, जावयाचा राग, त्या बर्फातून चालत सुटलेल्या माणसाचासुद्धा राग.

"हो," मी म्हणाले. "दुखतं. जिन्यात दोनदा थांबतात. हिवाळ्यापासून."

माझं बोलणं ह्यांना कळलं नाही, पण डॉक्टरीणबाईची मान वर झालेली दिसली. तोफखान्यातला माणूस. गोळा कुठे पडला ते त्यांना बरोबर समजतं. माझ्याकडे न बघता ह्यांनी अंगरख्याची नाडी घट्ट केली.

मग त्यांना पळायच्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा सुरुवातीला नुसता चालण्याच्या वेगाने सरकत होता. हे ताठ, छाती काढून, परेडला निघाल्यासारखे चालले. पट्ट्याने जरा चढ घेतला, आणि ह्यांचा डावा हात दांडीवर आवळला गेला, ओठ पांढरे पडले, तरी थांबायचं नाव नाही. डॉक्टरीणबाईने स्वतःच बटण दाबून पट्टा बंद केला आणि माझ्या मदतीने ह्यांना खुर्चीत बसवलं. जिभेखाली गोळी ठेवली. पडद्यावरच्या रेषा बघता बघता बिस्किटांचा पुडा तिने उगाचच खणात टाकला.

शेवटी ती म्हणाली ते साधं होतं. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या अरुंद झाल्यात, आतून तपासून बहुतेक ऑपरेशन लागेल, आणि ते लांबवू नये. असा शेरा गेल्यावर इथली पॉलिसी मिळणार नाही, आणि पॉलिसीशिवाय इथल्या इस्पितळाचा खर्च तुम्हाला झेपणार नाही. "तुमच्या देशात तुम्हाला उपचार मोफत आहेत ना? मग आठवडाभर विश्रांती घ्या, मी गोळ्या देते, प्रवासाची चिठ्ठी देते, आणि जा." जाता जाता मला म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." तिला सांगायला काय जातं!

बाहेर बसथांब्यावरच्या बाकावर हे बसले. मी डाव्या बाजूला बसले. दोन बसगाड्या गेल्या, आम्ही उठलो नाही.

"घरचा भेदी," हे अखेर म्हणाले.

"हो. लंका जळाली, पण रावण तर वाचेल."

ह्यांना हसू आलं नाही. "पोरीचं काय आता? चिमणीचं काय? मी काढलं असतं अजून एक वर्ष."

"कुठल्या मजल्यापर्यंत?"

रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता. पुसून झाली तरी परत पुसत होता. मला इतका शीण आला होता की तिथेच त्या बाकावर आडवं व्हावंसं वाटलं, आणि त्या शिणातूनच मला ते सुचलं असणार.

"आजपासून तुम्ही रजेवर," मी म्हणाले.

"निवृत्त माणसाला कसली रजा?"

"तेच चुकलं आपलं. रजा संपल्या आणि बोलणंच संपलं. आजपासून रजा, मी मंजूर केली."

"तुझा हुद्दा काय?"

"अवलंबित."

तेव्हा मात्र हसले. हसता हसता छातीवर हात गेला, म्हणून घाईने थांबले. "मग उद्या सकाळी बोलू," म्हणाले.

"दुसऱ्या सकाळची वाट बघत बसायला वेळ नाही. काढा गाठोडं."

आणि ह्यांनी काढलं. बाजारातून येताना पहिल्यांदा दुखलं, तेव्हा नात कडेवर होती. तिला खाली ठेवून हे भिंतीला टेकले होते. तेव्हापासून नातीला कडेवर घेऊन जिना चढायची त्यांना धास्ती वाटायची, म्हणून "चाल, चाल, शूर शिपाई" म्हणत तिला चालवत आणायचे. आणि मी त्यांनाच रागवायची, की लेकराला का दमवता. अंघोळीला वेळ लागतो तो साबणाने नाही, दमाने. सगळं सांगितलं, रस्त्याकडे बघत, अहवाल द्यावा तसं.

मग माझी पाळी आली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "जावई जहाजावर नाहीत. त्यांनी दुसरं घर केलंय. परत यायचे नाहीत. लेकीने मला सांगितलं, तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"तू चिमणीला घेऊन बागेत गेली होतीस. पोर कामावर. तो आपले कपडे न्यायला आला होता. कपाटापुढे नुसताच उभा, काय घ्यावं कळेना. मीच त्याची बॅग भरून दिली. जाड कपडे खाली, शर्ट वर, बूट कडेला. नीट भरली." मग म्हणाले, "त्याला दोन शब्द सुनवावेत असं खूप वाटलं. पण घड्या घालण्यातच सगळं गेलं. जाताना पाया पडला. मी पडू दिलं."

म्हणजे ह्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. म्हणूनच तो लसूण, ते अळणी जेवण, ती पाठ केलेली अक्षरं. पोर एकटी पडली हे कळल्यावर ह्या माणसाने स्वतःला ठणठणीत ठेवायचा हुकूम स्वतःलाच दिला होता. एकाच बातमीवर दोन बाजूंनी पांघरूण घालत आम्ही घरात वावरत होतो. मला रडू आलं, आणि मी ते थोपवलं नाही. काच पुसणारा वळून बघायला लागला. बघू दे.

दुसऱ्याच दिवशी मी एकटी व्हिसाच्या ऑफिसात गेले. नंबराचा कागद घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, आणि नंबर आला की काचेतल्या भोकातून बोलायचं. मी खिडकीवरच्या बाईला विचारलं, की नवरा उपचाराला गेला आणि मी इथे लेकीपाशी राहिले तर चालेल का. हो, विचारलं. मन दोन्हीकडे ओढलं जात होतं, आणि एका क्षणापुरतं ते लेकीकडे गेलं होतं. त्याची मला लाज वाटत नाही.

बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "मुख्य अर्जदार ते आहेत. तुम्ही अवलंबित. ते नसले तर तुम्हीही नाही."

तिच्या दृष्टीने तो नियम होता. मला मात्र वाटलं, बाई, तू लग्नाच्या मंगलाष्टका किती थोडक्यात म्हटल्यास!

लेकीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, स्वयंपाकघरात, ती शिफ्टहून आल्याबरोबर. आजार सांगितला, आणि जावयाचं ह्यांना माहीत आहे हेही सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बापाकडे बघून म्हणाली, "तुम्ही बॅग भरून दिलीत? मला वाटलं त्यानेच भरली. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत कधी रुमालाची घडी घातली नाही आणि जाताना बरी अक्कल आली." मग ती हसली, आणि हसतानाच चेहरा वाकडा झाला. ह्यांनी तिला जवळ घेतलं नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी तिच्यासाठी चहा ठेवला.

ट्रंकवरचा टेबलक्लॉथ काढला. कंबर दुखायला लागली ती लागलीच. हे खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि मी भरत होते, कारण वाकायला त्यांना मनाई होती. खालच्या लाँड्रीवाल्या बाई दिवसभर चिमणीला ठेवून घ्यायला तयार झाल्या. इस्त्रीच्या टेबलाखाली तिच्या खेळण्यांची टोपली गेली. मी दहादा खाली जाऊन इस्त्रीची वायर कुठून जाते ते बघून आले, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "माझी तीन वाढलीत ह्याच टेबलाखाली." मी ओशाळले, पण अकराव्यांदाही गेलेच.

विमानतळावर लेक ह्यांच्या चाकाच्या खुर्चीमागे चालत होती. आत जायच्या दारापाशी आली, चिमणीला माझ्याकडून आपल्या कडेवर घेतलं, आणि ताठ उभी राहून म्हणाली, "इकडची काळजी अजिबात करू नका. सगळं ठीक आहे."

अक्षर न अक्षर ह्यांचं पत्र. इकडे हवा छान आहे.

ह्यांनी खुर्ची वळवायला लावली. "खोटं," म्हणाले. "ऐक. दर रविवारी फोन. आधी वाईट, मग चांगलं. वाईट नसेल तर शोधून काढ. आणि रजेबिजेची वाट बघायची नाही. जुना कायदा रद्द."

"कधीपासून?"

"तुझ्या आईने फितुरी केली तेव्हापासून."

मायदेशी फौजेच्या इस्पितळात ते कार्ड चाललं. खिडकीवरच्या जवानाने ते बघितल्याबरोबर उठून ह्यांना सलाम केला, आणि ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या तो इतक्या ऐटीत परत केला, की मला वाटलं आता ऑपरेशनची गरजच उरली नाही. पण नळ्या सलामाने उघडत नाहीत. आतून तपासल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. वॉर्ड लांबच लांब, पांढरा, दोन्ही बाजूंना ह्यांच्यासारखेच म्हातारे फौजी, सगळे ठणठणीत असल्याचा आव आणून पडलेले. शेजारच्या खाटेवरचा तर सकाळच्या फेरीला डॉक्टर आले की पडल्या पडल्या टाचा जुळवायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रविवार होता. ठरल्याप्रमाणे लेकीचा फोन आला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून ह्यांच्या उशीवर टेकवला.

"हं, काढ गाठोडं," हे म्हणाले.

पलीकडून सुरू झालं. लाँड्रीवाल्या बाईंची पाठ धरली, म्हणून दोन दिवस चिमणीला ठेवता आलं नाही. शिफ्ट बुडाली, साहेब नको ते बोलला. न्हाणीघरातला नळ गळतोय. जावयाचा फोन आला होता, चिमणीला भेटायचं म्हणतोय, काय करावं कळत नाही. "आणि काल मी भांडी घासताना खूप रडले," ती म्हणाली. "चिमणीने बघितलं."

हे डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी पायरीवर बसून ऐकायचे तसे. "बरं," म्हणाले. "आणि चांगलं?"

"चिमणी शेजाऱ्यांना तक्त्यातली अक्षरं म्हणून दाखवते." ती नाक ओढत म्हणाली. "आता तुम्ही काढा बाबा. खरं काढा."

ह्यांनी डोळे उघडले. शेजारच्या खाटेकडे बघितलं, आवाज खाली आणला. मला वाटलं, आता हवेची बातमी येणार.

"उद्या सकाळी नेतायत," म्हणाले. "मला भीती वाटते गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तोफा, बर्फ, तो गेलेला कान, कशानेच तो बाहेर आला नव्हता. मी ह्यांच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले होते. उठले, खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला आले, आणि वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "मलाही."